गावरान मिरची घरच्या कुंडीत: बी मिळवण्यापासून बी राखण्यापर्यंत

नर्सरीतून मिरचीचं रोप आणून कुंडीत लावायला लेख वाचायची गरज नाही. हा लेख जुन्या, जवारी म्हणजे गावरान बियाण्यापासून मिरची घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. गडहिंग्लजकडच्या पाहुण्यांनी मूठभर संकेश्वरीचं बी दिलंय, किंवा गावाकडच्या परसात आजीने राखलेली लवंगी आता कोल्हापुरातल्या गच्चीवर जगवायची आहे, असं काही असेल तर पुढं वाचा. मिरच्या लागणं फार अवघड नाही. पुढच्या वर्षी तीच मिरची, त्याच तिखटाची, पुन्हा लागली पाहिजे, खरी मेख तिथं आहे. म्हणून इथं खत-पाण्यापेक्षा बियाण्याबद्दल जास्त लिहिलंय.

आधीच सांगून ठेवतो, चार-सहा कुंड्यांत वर्षाची चटणी होत नाही. डंकावर कुटायला न्यायच्या मिरच्या किलोंनी लागतात, त्या बाजारातूनच आणाव्या लागणार. कुंडीतून रोजच्या भाजी-आमटीला हिरवी मिरची, अधूनमधून ठेचा, थोडी वाळलेली लाल मिरची आणि पुढच्या वर्षाचं बी मिळतं.

१. बी कुठून आणि कसलं घ्यायचं

सगळ्यात भरवशाचं बी म्हणजे जो शेतकरी स्वतःच बी धरून तेच पुन्हा लावतो, त्याच्या घरचं. आठवडी बाजारात मिरची घेऊन बसलेल्या बाईंना सरळ विचारा, "मावशी, हे बी घरचं का दुकानचं?" पुढचा प्रश्न, "शेजारच्या रानात दुसरी मिरची होती का?" हा दुसरा प्रश्न का, ते नवव्या पायरीत येईल.

दुकानातून पाकीट घेणार असाल तर पाकिटावर "संकरित" किंवा "एफ-१" लिहिलंय का बघा. असेल तर त्याच्या मिरच्या चांगल्या येतील, पण त्यांचं बी धरून उपयोग नाही. पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक बुटकं, एक तिखट, एक मिळमिळीत असं काहीही निघतं. "सुधारित" वाण मात्र चालतो. पुसा ज्वाला किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती या सुधारित जाती आहेत, त्यांचं बी धरता येतं. जवारी बी हाती लागेपर्यंत सराव म्हणून यातली एखादी लावून बघायला हरकत नाही.

वाण निवडताना नावावर फार जाऊ नका. ब्याडगी रंगासाठी, तिखटपणा बेताचा. चटणीला रंग ब्याडगीचा आणि जाळ संकेश्वरी-लवंगीचा, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाजारात "लवंगी" म्हणून बारीक, तिखट अशी कुठलीही मिरची विकली जाते. नावापेक्षा कुणाच्या रानातली, कुठल्या गावची, हे लिहून ठेवा.

ईशान्येकडची भूत जोलोकिया पहिल्याच वर्षी लावायचा मोह टाळा. २००७ साली जगातली सर्वात तिखट म्हणून गिनीज बुकात नोंद झालेली ती हीच, त्यामुळे सगळ्यांना हवी असते. पण तिची जातकुळी वेगळी. उगवायला तीन-चार आठवडे घेते, ऊब आणि दमटपणा मागते, फळालाही उशीर. नवशिक्याचा धीर तिथंच सुटतो.

किराणा दुकानातल्या वाळक्या मिरचीतलं बी उगवतं का, असं बरेच जण विचारतात. बऱ्याचदा उगवतं. पण ती मिरची संकरित होती का, कुठल्या उष्णतेत वाळवली, साठवणीत किती दिवस होती, यातलं काहीच कळत नाही. गंमत म्हणून लावा, राखायचं बी म्हणून नको.

कागदपत्रं म्हणाल तर काही लागत नाहीत. शेतकऱ्याकडून बी मागून घ्यायला संकोच वाटत असेल तर एवढं माहीत असू द्या: २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, देवाणघेवाण करायचा, आणि ब्रँडचं लेबल न लावता विकायचाही हक्क दिलेला आहे.

२. सामान

- कागदी चहाचे कप किंवा रोपांचा ट्रे
- कोकोपीट आणि गांडूळखत
- १२ इंची कुंड्या किंवा तेवढ्याच ग्रो बॅग, तळाला भोकं असलेल्या
- लाल माती किंवा पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड
- उसाचं पाचट (आपल्याकडं याला तोटा नाही)
- फवारणीची एक लिटरची बाटली, कडुनिंबाचं तेल
- निळे आणि पिवळे चिकट सापळे
- लग्नात, बारशाला भेटवस्तू घालून देतात त्या झिरझिरीत जाळीच्या पिशव्या. टाकू नका, लागणार आहेत
- रंगीत दोरा, काचेच्या लहान बाटल्या, मार्कर, रबरी हातमोजे

३. कधी पेरायचं

पुस्तकात खरीप आणि उन्हाळी असे हंगाम दिलेले असतात. शेतासाठी ते बरोबर आहेत. गच्चीवर मात्र जून-जुलैतला कोल्हापूरचा पाऊस कोवळ्या रोपांना झोडपून काढतो, कुंड्या तुडुंब भरतात आणि मुळं कुजतात. जानेवारी-फेब्रुवारीत पेरलं तर झाड फुलावर येतं तेव्हा एप्रिल-मेचं ऊन असतं. दुपारी पारा ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा असला की मिरची फुलं गाळते. त्यात फुलकिडे उन्हाळ्यातच जास्त.

म्हणून बी धरायचं असेल तर माझं मत सरळ आहे: गणपती उठले की पेरा. सप्टेंबरमध्ये उगवायला हवी तेवढी ऊब असते, ऑक्टोबर हीटमध्ये रोप भराभर वाढतं, डिसेंबरच्या आसपास फुलं येतात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीत कोरड्या हवेत मिरची लाल होते. कोरड्या हवेत पिकलेल्या फळाला बुरशी कमी लागते, त्यामुळे बी स्वच्छ मिळतं. आपल्याकडची थंडीही मिरचीला मारण्याइतकी कडक नसते, वाढ थोडी मंदावते एवढंच. फक्त परतीच्या पावसात कप आडोशाला ठेवा.

४. आधी बी तपासा, मग पेरा

बी पाण्यात टाकायचं, तरंगेल ते फोल म्हणून फेकायचं, ही युक्ती मिरचीला लावू नका. मिरचीचं बी चपटं आणि हलकं. वाळलेलं चांगलं बीसुद्धा बराच वेळ तरंगत राहतं आणि तुम्ही जिवंत बी फेकून देता.

त्यापेक्षा दहा बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, डबीत घालून स्वयंपाकघरात उबेला ठेवा. फडकं ओलसर हवं, त्यातून पाणी गळायला नको. दोन आठवड्यांत सात-आठ फुटल्या तर बी उत्तम. तीन-चारच फुटल्या तर कपात दुप्पट बी टाका. एकही नाही फुटली तर बी म्हातारं झालंय. साध्या डब्यात ठेवलेलं मिरचीचं बी दोन-तीन वर्षांनंतर झपाट्याने कमजोर होतं. काळपट, तपकिरी डागाळलेल्या बिया चाचणीत घेऊच नका. निरोगी बी फिकट पिवळसर असतं.

पेरायच्या आदल्या रात्री बी कोमट पाण्यात भिजत घाला. कपाला खाली दोन-तीन भोकं, आत निम्मं कोकोपीट आणि निम्मं गांडूळखत. अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, कपात दोन बिया. वरून हलकं पाणी शिंपडून प्लास्टिकने झाका. २५ ते ३० अंश तापमानाला सात ते चौदा दिवसांत कोंब दिसतो. दिसला की त्याच दिवशी प्लास्टिक काढा, नाहीतर आतल्या दमटपणाने मर लागते.

कोंब मान वाकवून वर येतो. कधी बियाचं टरफल दोन्ही पानांवर टोपीसारखं अडकून बसतं. ते नखाने ओढायला जाऊ नका, शेंडाच तुटून हातात येतो. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा, तासाभराने पुन्हा एक. मऊ झालं की बहुतेक वेळा आपोआप गळतं.

५. तरू (कोवळी रोपं) सांभाळणं

या दिवसांत रोपं जातात ती बहुतेक पाण्यानेच. संध्याकाळी ठणठणीत दिसणारं रोप सकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं दिसलं की ती मर. गेलेलं रोप वाचत नाही. कप काढून टाका आणि बाकीच्यांचं पाणी कमी करा. वरची माती कोरडी दिसल्यावरच पाणी, तेही सकाळी आणि शक्यतो खालून: ताटात पाणी घालून त्यात कप दहा मिनिटं ठेवायचे.

ऊन पहिल्या दिवसापासून हवं. खिडकीत ठेवलेलं रोप लांबट, लुकडं होतं. एका कपात दोन्ही उगवली तर कमजोर रोप कात्रीने कापा, उपटू नका. दुसऱ्याची मुळं हलतात.

६. कुंडीत लावणी

चार ते सहा खरी पानं आली, साधारण पाच-सहा आठवडे झाले, की रोप कुंडीत जातं. त्याआधी आठवडाभर गच्चीवरच्या उन्हा-वाऱ्याची सवय करून घ्या, दररोज थोडा जास्त वेळ.

मातीबाबत एक फसगत नेहमीची आहे. शेतातली काळी माती कसदार, म्हणून लोक पोतं भरून आणतात आणि कुंडीत तीच भरतात. शेतात ती सोनं आहे. कुंडीत ओली असताना चिखल आणि सुकली की कडेने भेगा, पाणी मातीत न मुरता भेगांतून सरळ खाली. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड एवढं पुरे. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, मुळं भाजतील. मातीचा वास आला पाहिजे.

लावणी संध्याकाळी करा. एका कुंडीत एकच रोप, कितीही लहान दिसलं तरी. बी धरायचं असेल तर एका वाणाची किमान पाच-सहा झाडं ठेवा. एकाच झाडाचं बी वर्षानुवर्षं धरत गेलं की त्या झाडाचे गुण तेवढे राहतात, वाणातली विविधता निघून जाते.

७. पाणी आणि खत

बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, आणि द्याल तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वर पाचटाचा चार बोटं थर टाका. एक दिवस ठणठणीत कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असं केलं की फळाचं टोक काळं पडून बसतं. तो रोग नसतो. पाण्याच्या ओढाताणीत कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, म्हणून तसं होतं.

दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत. युरिया नको. झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी आणि फूल एक नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याने बहुधा युरिया टाकलेला असतो.

८. पानं मुरडली तर

मिरची लावली आणि पानं मुरडली नाहीत असं सहसा होत नाही. आपल्याकडं याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात आणि सरसकट एकच औषध मारतात. कारणं मात्र तीन वेगवेगळी आहेत, त्यामुळे फवारणीआधी पान हातात घेऊन नीट बघा.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार झाला असेल तर फुलकिडे. खात्री करायला पांढऱ्या कागदावर शेंडा टिचकीने झटका. दोऱ्याच्या तुकड्याएवढे पिवळसर किडे पळताना दिसतील. निळे सापळे लावा आणि निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर पाणी करायचं आणि त्यात थोडं साबणाचं पाणी. निंबोळी नसेल तर लिटरला तीन ते पाच मिली कडुनिंबाचं तेल, साबण घालूनच, नाहीतर तेल पाण्यावर तरंगत राहतं. फवारणी उन्हं उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने.

पानं खालच्या बाजूला वळली, देठ लांबले, पान अरुंद आणि कडक झालं तर तो कोळी. तो डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. पाण्यात मिसळणारं गंधक त्यावर चालतं, पण कडक उन्हात मारू नका, आणि कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी जाऊ द्या. पानं करपतात.

तिसरा प्रकार वाईट. पानं लहान-लहान होऊन शेंड्याला गुच्छ होतो, शिरा जाड दिसतात, झाड खुजं राहतं. हा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. याला औषध नाही. झाड उपटा आणि पिशवीत बांधून टाका, बाकीच्यांसाठी पिवळे सापळे लावा. जवारी बियाण्याचं झाड उपटताना जीवावर येतं, पण एकासाठी पाच घालवायची नसतात.

आणि एक, तंबाखू मळलेल्या हाताने मिरचीच्या रोपाला हात लावू नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू मिरचीलाही लागतो, आणि तंबाखू वाळून, कुटून, पुडीत आला तरी तो जिवंत राहतो. तंबाखूची निपाणी आपल्यापासून किती लांब आहे ते सांगायला नको. हात साबणाने धुवा, मगच कुंडीपाशी जा. कीड जावी म्हणून तंबाखूचं पाणी फवारायचा सल्लाही याच कारणासाठी बाजूला ठेवा.

९. पिशवी बांधणं: इथंच जवारी बी वाचतं किंवा जातं

मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळ धरू शकतं. तरीही मधमाशा आणि इतर कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, आणि मिरचीत हे बरंच घडतं. तुमच्या संकेश्वरीशेजारी ढोबळी मिरचीची कुंडी असेल तर यंदाची संकेश्वरी संकेश्वरीसारखीच लागेल, चवीतही फरक कळणार नाही. भेसळ आतल्या बियांत झालेली असते आणि ती पुढच्या वर्षी बाहेर येते. त्यामुळे "गेल्या वर्षी तर चांगली होती" म्हणणाऱ्यांना कारण सापडत नाही. प्रमाणित बियाण्यासाठी दोन मिरची वाणांत २०० मीटर अंतर ठेवतात. गच्चीवर ते कुठून आणणार? शेजारच्या गच्चीत काय लावलंय यावरही आपला ताबा नाही.

म्हणून जाळीची पिशवी. पद्धत अशी:

न उमललेल्या कळ्या भरपूर असलेली एक फांदी निवडा. तिच्यावरची उमललेली फुलं आणि धरलेली फळं सगळी खुडून टाका, एकही ठेवू नका. मग फांदीवर पिशवी चढवून तिची दोरी देठाभोवती अलगद आवळा. मुंगी आत जाणार नाही इतकी घट्ट, साल कापणार नाही इतकी सैल. दोरीखाली थोडा कापूस ठेवला तर दोन्ही साधतं. दररोज सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फांदीला बोटाने हलकी टिचकी मारा, म्हणजे आतल्या आत पराग पडतो. फुलं गळून हिरव्या टाचणीच्या डोक्याएवढं फळ दिसलं की पिशवी काढा आणि त्याच दिवशी त्या फळांच्या देठाला लाल दोरा बांधा. पिशवी काढल्यावर त्या फांदीवर नवीन फुलं येतील, त्यांना दोरा नाही. दोरा नसलेलं फळ स्वयंपाकघरात.

दोरा बांधायला उद्यापर्यंत थांबू नका. चार दिवसांनी कुठलं फळ पिशवीतलं होतं हे ओळखू येत नाही. घरात सगळ्यांना सांगूनही ठेवा, नाहीतर लाल दोऱ्याची मिरची फोडणीत जाते.

पाच-सहा झाडांपैकी प्रत्येकावर एक पिशवी पुरते. झाड निवडताना सगळ्यात मोठी मिरची कुठं लागली हे बघू नका. झाड निरोगी आहे का, वाणाचा मूळ आकार-रंग टिकून आहे का, हे बघा.

१०. फळ पिकवणं आणि बी काढणं

दोऱ्याचं फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, किंचित सुरकुती पडेपर्यंत. घाई करून अर्धवट लाल काढलं तर बी कोवळं राहतं. या दिवसांत बुलबुल आणि पोपट येतात. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे ते निवांत खातात. पिकत आलेल्या फळांवर पुन्हा जाळीची पिशवी चढवा.

खोलगट, गोल, काळपट डाग असलेलं फळ बियासाठी घेऊ नका. ती फळसड, आणि तिची बुरशी बियासोबत पुढच्या वर्षात जाते.

काढलेली मिरची आठवडाभर सावलीत ठेवून मग उभी चिरा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, वाळकी असेल तर पंखा बंद. तिखट असतं ते मधल्या पांढऱ्या शिरेत. बियांना ते शिरेला चिकटून असल्यामुळे लागतं. हात भगभगले तर आधी तेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने ते जात नाही. तो हात डोळ्याला लागला तर काय होतं हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

बी वर्तमानपत्रावर नको, चिकटून बसतं. चिनी मातीच्या ताटलीत पसरून सावलीत, वारा लागेल असं दहा-पंधरा दिवस वाळवा. कुरडया-पापडाच्या शेजारी गच्चीवर कडक उन्हात ठेवलं तर बियाण्याचा जीव जातो. वाळलं का हे बघायला एक बी दुमडा. लवचीक असेल तर अजून ओल आहे, तटकन मोडलं तर झालं.

११. साठवण

काचेची लहान बाटली, तळाला सिलिका जेलची पुडी किंवा कापडात बांधलेले कोरडे भाजलेले तांदूळ, वर कागदी पाकिटात बी. पाकिटावर वाणाचं नाव, कुणाकडून आलं, कुठलं गाव, कुठल्या साली धरलं. घट्ट बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर बाटली लगेच उघडू नका. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड बियांवर दव धरतं आणि वाळवण्याचं सगळं काम फुकट.

सगळं बी एका बाटलीत, एका घरात ठेवू नका. थोडं बहिणीकडं, थोडं ज्याने दिलं त्याला परत. दरवर्षी सगळं पेरूनही टाकू नका. यंदाचं पीक गेलं तर मागचं बी हाताशी असलं पाहिजे.

१२. जुन्या झाडाचं काय

मिरची खरं तर बरीच वर्षं जगणारं झुडूप आहे. फळं संपल्यावर निरोगी झाड वीतभर उंचीवर छाटा, वरची दोन इंच माती काढून नवीन खत घाला, उन्हाळ्यात दुपारची सावली द्या. पावसाळ्यापूर्वी पुन्हा फुटवा येतो आणि दुसऱ्या वर्षीही हिरव्या मिरच्या मिळतात. बी मात्र नव्या झाडावरच धरा. जुन्या झाडावर वर्षभरात काय काय बसून गेलंय ते कळत नाही.

पानं मुरडलेलं झाड छाटून ठेवायच्या भानगडीत पडू नका, ते उपटाच. त्या कुंडीतली माती एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टिकवर पसरून तापवा, आणि पुढच्या फेरीला त्यात मिरची, वांगी, टोमॅटो यातलं काही न लावता मेथी किंवा कोथिंबीर पेरा.